संसर्ग ओसरल्यावर डोळ्याची राखण

एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. तोंडाला चव आलेली असते, वजन वाढू लागलेलं असतं, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तीसवरून दीडशेच्या पुढे गेलेला असतो. घरातल्यांच्या जिवात जीव आलेला असतो. आणि नेमक्या याच सुमारास एका डोळ्याला धूसर दिसायला लागतं. बहुतेक जण म्हणतात, अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. कोणी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून येतो, कोणी मेडिकलमधून थेंब आणून घालत बसतो. यात जे आठवडे वाया जातात, ते डोळ्याला महागात पडतात.

ज्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीमुळे, अवयव प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांमुळे, केमोथेरपीमुळे किंवा बराच काळ घेतलेल्या स्टेरॉईडमुळे खालावली आहे आणि ज्यांच्या डोळ्याच्या पडद्याला विषाणूचा संसर्ग झाला आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मला पोटतिडकीने सांगायचंय ते एवढंच की संसर्ग आटोक्यात आला म्हणून डोळ्याची तपासणी थांबवू नका. नजर जाण्याचे कितीतरी प्रसंग संसर्ग ओसरल्यानंतर येतात. त्यातले बरेचसे वेळीच लक्षात आले तर निभावतात.

न दुखणारा आजार

पडद्याच्या अशा संसर्गांत सगळ्यांत जास्त आढळतो तो सायटोमेगॅलोव्हायरसचा, म्हणजे सीएमव्हीचा. हा नागिणीच्या विषाणूच्याच कुळातला. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो लहानपणीच शिरलेला असतो आणि एकदा शिरला की जन्मभर राहतो. धडधाकट माणसाला त्याचा काही त्रास नसतो, कारण प्रतिकारशक्ती त्याला डोकं वर काढू देत नाही. निरोगी माणसाचा सीडी४ साधारण ५०० च्या वर असतो. तो ५० च्या खाली घसरला की हा विषाणू जागा होतो, रक्तावाटे डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या पेशी मारत पुढे सरकतो. उपचार नसले तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पडद्याचा मोठा भाग खाऊन टाकतो.

यात डोळा दुखत नाही आणि लालही होत नाही. लाली, सूज, ठणका ही सगळी प्रतिकारशक्ती लढत असल्याची लक्षणं, आणि इथे तीच थकलेली असते. शिवाय सुरुवात अनेकदा पडद्याच्या कडेला होते, त्यामुळे वाचायला किंवा समोरचा माणूस ओळखायला अडचण येत नाही. पुष्कळ जणांना काहीही जाणवत नसताना तपासणीत हा आजार सापडतो. म्हणून ‘डोळा दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे मोडीत काढावा लागतो.

१९९६ च्या आधी, म्हणजे एचआयव्हीवरची आजची परिणामकारक एकत्रित औषधं येण्यापूर्वी, एड्सच्या अंदाजे ३० टक्के रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी हा पडद्याचा संसर्ग होत असे. तेव्हा त्याची दहशत एवढी होती की अँटिसेन्स प्रकारातलं मान्यता मिळालेलं जगातलं पहिलं औषध, फोमिव्हिर्सेन, १९९८ मध्ये याच आजारासाठी आलं आणि ते थेट डोळ्यात टोचलं जायचं. पुढे एआरटीने रुग्णच कमी झाले, मागणी उरली नाही आणि ते बाजारातून गेलं. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटी मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हापासून चित्र खूप बदललं. तरीही आजार फार उशिरा कळलेले किंवा गोळ्या मध्येच सोडलेले रुग्ण आजही सीडी४ अगदी तळाला गेल्यावर येतात, आणि त्यांच्या डोळ्यांत हा संसर्ग आजही सापडतो. किडनी किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्यांत आणि ल्युकेमियावर उपचार चालू असलेल्या मुलांतही तो दिसतो. प्रत्यारोपणानंतर काही महिने सीएमव्हीला आळा घालणाऱ्या गोळ्या देतात. त्या बंद झाल्यानंतरच्या काळात जास्त सावध राहायला हवं.

दुसरा गट नागिणीच्या आणि हर्पिस सिम्प्लेक्सच्या विषाणूंचा. हे फार वेगाने पसरतात. सीएमव्ही आठवडे घेतो, तिथे हे काही दिवसांत पडदा निकामी करू शकतात. प्रतिकारशक्ती बरी असेल तर यात डोळा थोडा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. ती फारच खालावलेली असेल तर डोळा पांढराशुभ्र राहतो आणि नजर मात्र दिवसागणिक उतरत जाते. म्हणून कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर लेप लावत, उतरवून घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नाकाच्या शेंड्यावरचे फोड हे डोळ्यालाही बाधा होऊ शकते याची खूण असते, कारण त्या दोन्ही जागांची नस एकच. हा संसर्ग एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यातही जातो, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. दुसरा डोळा वाचवायचा तर औषध लगेच सुरू व्हावं लागतं आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावं लागतं.

बाहुली मोठी करून केलेली तपासणी

ज्यांचा सीडी४ १०० च्या खाली आहे, त्यांनी काही त्रास नसला तरी एकदा पडद्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी. एआरटी सुरू होण्याच्या सुमारास ती झाली तर फार उत्तम. सीडी४ ५० च्या खालीच रेंगाळत असेल तर दर तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा करावी. चष्म्याच्या दुकानातली नंबर-तपासणी म्हणजे ही तपासणी नव्हे. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येणाऱ्या माणसाच्याही पडद्याची कड विषाणूने पोखरलेली असू शकते.

ही तपासणी कशी होते ते सांगतो, म्हणजे धास्ती राहणार नाही. आधी डोळ्यात थेंब घालतात. ते थोडे चुरचुरतात. अर्ध्या-पाऊण तासात बाहुली मोठी होते. मग डॉक्टर कपाळाला दिवा बांधतात, हातात एक भिंग धरतात आणि तुम्हाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, तिरकं असं आठही दिशांना बघायला सांगतात. झोत डोळे दिपवणारा असतो, पण त्याने इजा होत नाही. पडद्याची अगदी कड बघण्यासाठी कधी पापणीवरून एका छोट्या बोथट सळीने हलका दाब देतात. तेवढं अवघडल्यासारखं वाटतं. नंतर चार-सहा तास जवळचं नीट दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो. त्यामुळे गाडी चालवत जाऊ नका. एसटीने जा, सोबत कोणीतरी असू द्या आणि काळा चष्मा किंवा निदान टोपी जवळ ठेवा. तालुक्याला रेटिना तज्ज्ञ नसतील तर एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो.

काही वेळा डॉक्टर डोळ्याच्या पुढच्या भागातलं थेंबभर पाणी सुईने काढून विषाणू ओळखणाऱ्या पीसीआर तपासणीला पाठवतात. त्यासोबत सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा, क्षयरोग यांच्याही तपासण्या सांगतात. घाबरू नका आणि संशयही घेऊ नका. पडद्यावर या आजारांचे डाग पुष्कळदा सारखेच दिसतात आणि औषधं मात्र पूर्ण वेगळी असतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. डोळ्याच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नका. प्रत्यारोपण, केमो, संधिवातासाठी किंवा दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या, हेही सांगा. ही माहिती नसेल तर डॉक्टर साधी सूज समजून नुसतं स्टेरॉईड देऊ शकतात, आणि स्टेरॉईडने हा संसर्ग भडकतो. लोक का लपवतात हे मला ठाऊक आहे. गावात बोभाटा होईल, डॉक्टर हात लावणार नाहीत, ही भीती खोटी नाही. पण एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्या कायद्याने मना आहे आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करणंही मना आहे. कोणी अडवलं तर एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना सांगा किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.

उपचार चालू असताना

सीएमव्हीवर गॅनसायक्लोव्हिर सलाईनमधून देतात किंवा व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे डोस मोठा असतो, गोळ्या असतील तर दिवसातून दोनदा. पुढे तो कमी करून चालू ठेवतात. आजार पडद्याच्या मध्याजवळ आला असेल तर त्याच्या जोडीला डोळ्यात गॅनसायक्लोव्हिरचं इंजेक्शनही देतात. गोळ्या महाग पडतात म्हणून काही रुग्ण नुसत्या इंजेक्शनावर भागवायला बघतात. ही अडचण खरी आहे, पण इंजेक्शन फक्त त्या एका डोळ्याला पुरतं. दुसरा डोळा, आतडी, फुप्फुसं उघडीच राहतात. खर्चाचा प्रश्न असेल तर परस्पर डोस तोडण्यापेक्षा डॉक्टरांशी आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांशी उघडपणे बोला.

व्हॅलगॅनसायक्लोव्हिर जेवणासोबत घ्यायची. गोळी तोडायची, कुटायची नाही. तुटलीच तर तिची भुकटी हाताला लागू देऊ नका, लागली तर साबणाने धुवा. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन उतरू शकतं, म्हणून सुरुवातीच्या काळात रक्ततपासणी वारंवार सांगतात. ती चुकवू नका. एआरटीत झिडोव्हुडिन चालू असेल तर हा धोका वाढतो. औषध चालू असताना ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन घरी थांबू नका, पेशी घसरल्या असतील. किडनी कमजोर असेल तर डोस बदलावा लागतो, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा. पोटातल्या बाळाला हे औषध घातक ठरू शकतं. बायकांनी औषध चालू असताना आणि संपल्यावर किमान ३० दिवस, पुरुषांनी औषध चालू असताना आणि नंतर ९० दिवस गर्भ राहणार नाही याची काळजी घ्यायची. लाजेपायी हे ना डॉक्टर नीट सांगतात ना रुग्ण विचारतो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो आहे.

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की माणूस हादरतो. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडिनच्या द्रावणाने स्वच्छ करतात आणि सुई काही क्षणांत आत-बाहेर होते. दुसऱ्या दिवशी बुबुळाशेजारी रक्ताचा लाल डाग दिसला तर तो आपोआप जातो. मात्र पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, नजर कमी झाली, डोळा लालभडक झाला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. डोळ्याच्या आत जंतूंचा शिरकाव झाला असेल तर तासांनी फरक पडतो.

पडदा सुटणं

आता संसर्ग ओसरल्यानंतरच्या त्रासांकडे वळू. त्यातला सगळ्यांत मोठा म्हणजे पडदा सुटणं. आपल्याकडे लोक ‘पडदा सरकला’ म्हणतात.

विषाणूने जिथे पेशी मारल्या तिथे नवा पडदा तयार होत नाही. उरतो तो पातळ व्रण, आणि जुनं लुगडं विरावं तसा तो जागोजागी विरत जातो. बारीक छिद्रं पडतात, एखादं नाही, पुष्कळ. डोळ्यातला पातळ द्रव त्या छिद्रांतून पडद्याच्या मागे शिरतो आणि पडदा भिंतीपासून सुटू लागतो. संसर्ग पडद्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पसरलेला असेल, तो कडेपर्यंत पोचलेला असेल, तर धोका मोठा. नागिणीच्या विषाणूने पडदा जळलेल्या डोळ्यांत तो सीएमव्हीपेक्षाही जास्त. आणि हे औषध चालू असतानाच घडेल असं नाही. विषाणू पूर्ण शांत झाल्यावर, रिपोर्ट उत्तम असताना, काही महिन्यांनीही घडतं. गोळ्यांनी विषाणू थांबतो, विरलेला पडदा शिवला जात नाही.

खुणा ठळक असतात. डोळ्यापुढे एकाएकी काळ्या ठिपक्यांचा, धाग्यांचा पाऊस सुरू होतो. अंधारात, डोळा मिटलेला असतानाही कडेला विजेसारखी चमक दिसते. मग एका बाजूने, वरून किंवा खालून, काळी सावली चढू लागते. यातलं काहीही झालं तरी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो सुटण्याआधी ऑपरेशन झालं तर नजर बरीच राखता येते. तो सुटून बरेच दिवस गेले की पडदा जागेवर बसवता येतो, पण गेलेली नजर पूर्ण येत नाही.

ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून पडदा जागेवर बसवतात. छिद्रं अनेक असल्यामुळे आधारासाठी बहुधा सिलिकॉन तेल भरतात. याबद्दल घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं. तेल भरलेल्या डोळ्याचा नंबर बराच बदलतो, त्यामुळे पट्टी काढल्यावर अंधुक दिसलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं समजू नका. मान खाली घालून किंवा एका कुशीवर झोपायला सांगितलं असेल तर ते काटेकोर पाळा. तेल आत राहिलं तर पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तेल असेपर्यंत तपासण्या चालूच राहतात आणि ते केव्हा काढायचं हे डॉक्टर ठरवतात. काही जणांत पडदा इतका नाजूक असतो की तेल काढलंच जात नाही. तेलाऐवजी वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. उंचीवर वायू फुगतो आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. उंच घाट चढायचा असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा.

प्रतिकारशक्ती परतते तेव्हा

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली धूसर नजर याच प्रकारातली असू शकते. सीएमव्हीचा संसर्ग होऊन गेलेला असतो. एआरटीने सीडी४ वाढतो, शरीरात पुन्हा लढायची ताकद येते, आणि ती डोळ्यातल्या विषाणूच्या उरल्यासुरल्या अंशावर तुटून पडते. डोळ्यात सूज येते. जेलीत पेशी गोळा होऊन धुकं दाटतं, पडद्याच्या मध्यभागी पाणी साचतं, कधी त्यावर पातळ पापुद्रा धरतो. वाचताना अक्षरं फिकी दिसतात, सरळ रेषा वाकडी भासते. एआरटी सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत हे होतं किंवा काही महिन्यांनीही होतं. ज्यांच्या पडद्याचा मोठा भाग आधी बाधित होता त्यांच्यात जास्त. प्रत्यारोपण झालेल्यांत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डोस कमी केल्यावर असाच प्रकार घडलेला आढळतो.

अशा वेळी लोकांच्या मनात येतं की नव्या गोळ्या बाधल्या, आणि ते एआरटी बंद करतात. कृपा करून हे करू नका. याच गोळ्यांनी जीव वाचतो आहे, आणि बंद केल्या तर विषाणू परत उसळी घेतो आणि दोन्ही डोळे जायची वेळ येते. सुजेवर उपाय आहेत. स्टेरॉईडचे थेंब, डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन, कधी डोळ्याच्या आत. ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्यात किती पाणी आहे ते दिसतं. ती दोन-चार मिनिटांची असते, दुखत नाही. यातलं स्टेरॉईड मात्र रेटिना तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच हवं. मागच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून पुन्हापुन्हा थेंब आणत राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर कोणीच परत आणू शकत नाही. नुसत्या स्टेरॉईडने झोपलेला विषाणू जागाही होऊ शकतो.

सीएमव्ही सापडल्यावर एआरटी लगेच सुरू करावी की थोडं थांबावं, हा निर्णय एआरटीच्या आणि डोळ्याच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. साधारणपणे सीएमव्हीचं औषध आधी सुरू करून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करतात. फार लांबवत नाहीत.

सीएमव्हीच्या गोळ्या केव्हा थांबवायच्या हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सीडी४ १०० च्या वर गेला, तिथे तीन ते सहा महिने टिकला, एआरटी नियमित चालू आहे आणि पडद्यावरचे डाग थंड आहेत, हे सगळं जुळलं तर डॉक्टर त्या बंद करतात. पण नंतरही दर तीन महिन्यांनी पडदा बघून घ्यावा आणि पुढे वर्षातून एकदा तरी, कायम. एआरटीच्या गोळ्या चुकू लागल्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, वाढला, तर जुन्या डागाच्या कडेने संसर्ग पुन्हा सरकायला लागतो. त्या वेळी आधीचं औषध लागू पडेलच असं नाही.

नजर धूसर होण्याची बाकी कारणंही लक्षात ठेवा. मोतीबिंदू या डोळ्यांत लवकर येतो आणि सूज शांत असताना त्याचं ऑपरेशन होऊ शकतं. आणि क्षयाच्या औषधांत एथाम्ब्युटॉल असेल, रंग फिके वाटू लागले, लाल-हिरव्यात गल्लत व्हायला लागली, तर तेही लगेच सांगा. तो त्रास डोळ्याच्या नसेचा असतो आणि वेळीच औषध थांबवलं तर पुष्कळदा निवळतो.

घरी काय बघायचं

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. म्हणून रोज सकाळी एकेक डोळा तळहाताने झाकून बघायचं. चष्मा असेल तर तो घालूनच. भिंतीवर कालनिर्णय असेलच. हाताच्या अंतरावर उभे राहा, महिन्याच्या मधल्या तारखेवर नजर ठेवा. सगळ्या चौकटींच्या रेषा सरळ दिसतात का, एखादी तारीख गायब आहे का, कुठे डाग आहे का? मग नजर दाराच्या मध्यावर ठेवून चौकटीचे चारही कोपरे जाणवतात का ते बघा. कालपेक्षा आज फरक वाटला तर तारखेसह वहीत लिहा आणि त्याच दिवशी फोन करा. ही परीक्षा नुसती सोबतीची आहे. कडेचा लहान डाग तिला पकडता येत नाही, त्यासाठी बाहुली मोठी करूनच बघावं लागतं.

लहान मुलं धूसर दिसतंय असं सांगत नाहीत. केमो चालू असलेलं मूल वही अगदी नाकाशी धरू लागलं, एका बाजूच्या वस्तूंना धडकू लागलं, डोळा तिरळा वाटू लागला, तर पुढच्या केमोपर्यंत थांबू नका. त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून पडदा दाखवा.

ज्यांची नजर आधीच गेली आहे, त्यांच्यासाठीही करण्यासारखं आहे. मोठ्या नेत्ररुग्णालयांत लो व्हिजनचा वेगळा विभाग असतो. तिथे भिंगं, मोठ्या अक्षरांची साधनं, फोनमधला बोलणारा पर्याय वापरायला शिकवतात. दोन्ही डोळ्यांची नजर उतरली असेल तर दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर बहुतेक सवलती मिळतात. एकच डोळा गेला असेल आणि दुसरा उत्तम असेल तर टक्केवारी त्याखाली राहते, हे आधी माहीत असलं म्हणजे हेलपाटे वाचतात. एका डोळ्याने बघणाऱ्याला अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा पायऱ्या उतरताना, कढईत तेल ओतताना, रस्ता ओलांडताना सुरुवातीचे काही महिने जास्त सावध राहायचं. आणि उरलेल्या डोळ्याला धक्का लागू नये म्हणून बाहेर, शेतात, कारखान्यात न फुटणाऱ्या काचेचा चष्मा, नंबर नसला तरी.

तपासणीला जाताना एका पिशवीत हे ठेवा: एआरटीचं हिरवं पुस्तक किंवा कार्ड, शेवटच्या सीडी४ आणि व्हायरल लोडचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या (आयुर्वेदिक धरून), आधीच्या डोळ्याच्या तपासणीचे कागद, पडद्याचा फोटो काढला असेल तर तो, आणि क्रिएटिनिन व रक्तपेशींचा ताजा रिपोर्ट. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या की डाग पडद्याच्या कोणत्या भागात आहेत, पुढची तपासणी नक्की कोणत्या तारखेला, आणि सावली किंवा चमक दिसली तर रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा.